पोट नसलेल्या बासवर थाप

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, ११ वर्षांपासून टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहते. आमचा तिघांचा रॉकाबिली, म्हणजे जुन्या धाटणीचा रॉक अँड रोल वाजवणारा बँड आहे. एक गिटार, दुसरा गातो आणि तालाची गिटार धरतो, मी बासवर. ड्रम नाहीत. माझा मोठा बास भाड्याचा होता, तो परत गेला. घर दुसऱ्या मजल्यावर, गाडी लहान, म्हणून इलेक्ट्रिक अपराइट बास घेतला, म्हणजे पोकळ पोट नसलेला उभा बास. पण स्लॅप केलं, म्हणजे तारा ओढून आपटल्या की स्पीकरमधून नुसतं ‘धप्प धप्प’ येतं, ‘टक’ काही येत नाही. बँडमधले म्हणतात, हे वाद्य परत कर. यावर स्लॅप खरंच होत नाही का?

उत्तर : परत करू नका. स्लॅप होतो, फक्त तुमच्या वाद्याला तो अजून ऐकू येत नाहीये.

आधी तुमच्या हातात काय काय घडतं ते पाहू. पहिली आणि दुसरी बोटं वाकवून तुम्ही तार फिंगरबोर्डपासून, म्हणजे तारांखालच्या लाकडी पट्टीपासून, ओढता आणि सोडता. सूर निघतो, आणि त्याच क्षणी तार लाकडावर आपटून पहिला ‘टक’ होतो. मग उघडा हात तारांवर पडतो, सगळ्या तारा फिंगरबोर्डवर आदळतात. हा दुसरा ‘टक’, यात सूर नाही. एक ओढ एक थाप, किंवा एक ओढ दोन थापा. म्हणजे एका हातातून बास आणि ड्रम दोन्ही. मेम्फिसच्या सन स्टुडिओत जुलै १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड झाली, तेव्हा खोलीत ड्रमवाला नव्हताच. स्कॉटी मूरची गिटार, प्रेस्लीची गिटार आणि बिल ब्लॅकचा बास. ती थाप नसती तर त्या गाण्याला ठेकाच मिळाला नसता. (बिल ब्लॅकचा तो बास आज पॉल मॅकार्टनीकडे आहे. योग्य घरी गेला, याचा मला मनापासून आनंद आहे.) स्लॅप त्याच्याही आधीचा, न्यू ऑर्लिन्सच्या बँडमधला. माइक आणि अँप्लिफायर नसताना ट्रंपेटच्या गजरात बास ऐकू यावा म्हणून लोक तारा आपटत.

त्या सगळ्या बासांना पोट होतं. ‘टक’ लाकडात उमटायचा, पोटात घुमायचा आणि हवेतून कानापर्यंत जायचा. तुमच्या बासला पोट नाही. त्याचा बहुधा एकच कान, तो ब्रिजखाली, म्हणजे आपल्या घोडीखाली बसवलेला पिझो पिकअप, म्हणजे कंपनाचा विजेचा संदेश करणारी चकती. ओढलेल्या तारेचा सूर तो छान पकडतो. पण थाप पडते तेव्हा चारही तारा एकदम दबतात, घोडीवर धक्का बसतो आणि पिझो तो धक्का खालच्या स्वरांचा मोठा गोळा करून पुढे पाठवतो. तोच तुमचा ‘धप्प’. खरा ‘टक’ त्याच्याखाली गाडला जातो.

हे मी स्वतः भोगलंय. मी बास शिकलो वांद्र्याला, एका गोवेकर सरांकडे. ते सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे, स्लॅप त्यांना फारसा आवडत नसे. तो मी पुढे शिकागोला शिकलो, मोठ्या बासवर. मग एकदा स्विंग नाचणाऱ्यांच्या कार्यक्रमाला उसना इलेक्ट्रिक अपराइट घेऊन गेलो. प्रत्येक थापेला अँपमधला लिमिटर आवाज दाबायचा आणि पाठोपाठचा सूर बसायचा. दुसऱ्या गाण्याला नाचणारी जोडपी थांबली. त्यांचे पाय दुसरी आणि चौथी मात्रा शोधत होते, आणि माझ्याकडून ती मिळत नव्हती. त्या रात्री घरी येऊन झोपलो नाही, वाद्य उघडून बसलो.

उपाय तमाशाच्या फडावर रोज दिसतो. ढोलकीला एक माइक लावून भागत नाही. दोन तोंडांना दोन माइक लागतात, कारण एक बाजू घुमते आणि दुसरी कडकडते. तुमचा बासही तसाच दोन तोंडांचा आहे. म्हणून फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाला, मागच्या बाजूने, दुसरा छोटा पिझो चिकटवा. रॉकाबिलीसाठी असे जोडपिकअप तयार मिळतात, एक घोडीला आणि एक फिंगरबोर्डला. पण आधी चाचणी म्हणून साधी गोल पिझो चकती आणि चिकट पुट्टी पुरे. चकती टोकापासून दोन-तीन बोटं वर-खाली सरकवत थाप मारून बघा. एका जागी ‘टक’ कोरडा आणि स्वच्छ येतो, तिथेच ठेवा.

मग दोन पिकअप, दोन वाटा. दोन चॅनेलचा प्रीअँप, म्हणजे अँपच्या आधी लावायची आवाज जुळवणारी पेटी, घ्या. त्याचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या विजेला होणारा अडथळा, पेटीच्या माहितीपत्रकात लिहिलेला असतो) १ मेगाओमपेक्षा कमी नसावा, नाहीतर पिझोचा आवाज पातळ आणि कर्कश होतो. घोडीच्या वाटेवर हाय-पास फिल्टर लावून ४० हर्ट्झच्या खालचं कापा. तुमची सगळ्यात जाड ई तार ४१ हर्ट्झची आहे, त्यामुळे सूर फारसा जात नाही, पण धक्क्याचा गोळा जातो. फिंगरबोर्डच्या वाटेवर उलटं करा : खालचे स्वर जवळजवळ सगळे काढा, २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं वाढवा. कार्यक्रमाच्या आधी साउंडवाल्याला स्पष्ट सांगा की मला दोन चॅनेल हवेत. लाजू नका, ढोलकीवाला कधी लाजत नाही.

आता तारांचं. दुकानातून येताना बहुतेक इलेक्ट्रिक अपराइटवर स्टीलच्या तारा असतात. त्या ताठ असतात, ओढल्या की परत येताना कडक लागतात, आणि तासाभरात बोटं सोलतात. जुने लोक आतड्याच्या तारांवर वाजवायचे. त्या जाड, सैल आणि बोटाला मऊ. हल्ली स्लॅपसाठी सिंथेटिक तारा मिळतात, त्या लावा. पण आधी एक गोष्ट तपासा : तुमच्या वाद्यात मॅग्नेटिक पिकअप असेल तर या तारांवर तो मुका होतो, कारण आत लोखंड नाही. पिझो असेल तर काळजी नाही. शिवाय जाड तारांसाठी नटच्या (वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) आणि घोडीच्या खाचा रुंद कराव्या लागतात. ते काम लुथियरकडून, म्हणजे तंतुवाद्यं बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, करून घ्या, स्वतः कानस चालवू नका. मी चालवली होती, नट बदलावा लागला.

तारांची उंची : माझ्या बासवर फिंगरबोर्डच्या टोकाशी ‘जी’ (G) तार ७ मिलिमीटरवर आणि ई तार १० मिलिमीटरवर आहे. त्याहून खाली गेलात तर बोट तारेखाली शिरत नाही आणि सूर चिरका होतो.

स्टँडचं लहानसं पण महत्त्वाचं. तिकाटण्यावरचा बास थापेने मागे सरकतो, आणि तुमचा हात नकळत बिचकून हलका पडतो. ज्याची चौकट अंगाला टेकते असा बास असेल तर उत्तम. नसेल तर स्टँडखाली जाड रबरी चटई टाका. ती खालच्या मजल्यावाल्यांसाठीही हवीच. हेडफोन लावलात तरी तारांची टकटक घरात ऐकू येते आणि लाकडी जमिनीतून खाली उतरते.

तुमच्या बँडमधल्यांना माझा एक निरोप सांगा. मोठ्या बासवर चढून उभं राहण्याचा, तो गरगर फिरवण्याचा जो देखावा रॉकाबिलीत लोक बघायला येतात, तो या वाद्यावर मिळणार नाही. ते नुकसान खरं आहे. पण गिटार मोठ्याने लागली की पोटाचा बास जसा हुंकारायला लागतो (फीडबॅक), तसा हा हुंकारणार नाही, आणि लहान गाडीत मावेल.

प्रश्न : घरी आजोबांचा जुना डबल बास आहे, स्टीलच्या तारांचा. त्यावर स्लॅप शिकायला सुरुवात केली तर चालेल का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : आधी तो लुथियरला दाखवा. साउंडपोस्ट, म्हणजे पोटाच्या आतला लाकडी खांब, उभा आहे ना, सांधे सुटलेले नाहीत ना, हे पाहिल्याशिवाय थाप मारू नका. नंतर चालेल, पण स्टीलवर दिवसाला दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि बोटांना चिकटपट्टी गुंडाळा. पैसे साठले की आधी ‘जी’ (G) आणि ‘डी’ (D) तारा बदला. स्लॅपमध्ये हात जास्त करून तिथेच असतो.