मोबाईलवरून फोटो अपलोड केला की अख्खा फॉर्मच रिकामा का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्लासचा प्रवेश-फॉर्म पीएचपीत (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) केलाय, त्यात फोटो आणि गुणपत्रिका अशा दोन फाइली. तुमच्या लॅपटॉपवरून सगळं बरोबर जातं, पण मुलांनी मोबाईलवरून भरला की फाइली तर सोडाच, नाव-पत्तासुद्धा पोचत नाही. आणि एररही दिसत नाही.

नाव-पत्तासुद्धा पोचत नाही, यातच उत्तर आहे. फॉर्मच्या टॅगमध्ये एन्कटाइपला (फॉर्म कशा रूपात पाठवायचा ते सांगणारी सेटिंग) मल्टिपार्ट फॉर्म-डेटा द्यायचं राहिलं असतं, तर लॅपटॉपवरूनही फाइल आली नसती, नुसतं तिचं नाव आलं असतं. तुमचं दुखणं आकाराचं आहे.

पीएचपीत दोन वेगवेगळ्या मर्यादा असतात. एका फाइलसाठी 'अपलोड मॅक्स फाइलसाइज', मुळात (म्हणजे आपण काही बदललं नाही तर) २ एमबी. आणि पूर्ण फॉर्म मिळून 'पोस्ट मॅक्स साइज', मुळात ८ एमबी. पहिली ओलांडली तर बाकीचा फॉर्म नीट येतो आणि त्या फाइलपुढे एरर क्रमांक १ असतो. दुसरी ओलांडली तर पीएचपी पोस्ट (फॉर्ममधला मजकूर) आणि फाइल्स (चढवलेल्या फाइली) हे दोन्ही अ‍ॅरे रिकामे करून तुमच्या हातात देतं, लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकतं आणि तुमचा कोड पुढे चालू. लॅपटॉपवर तुम्ही ३०० केबीचा स्कॅन टाकून बघितला असणार. मुलं मात्र मोबाईलने थेट गुणपत्रिकेचा फोटो काढतात, चार-पाच एमबीचा एकेक. असे दोन झाले की ८ एमबी संपले.

हे मला इतकं पाठ आहे कारण यात मी स्वतः दोन दिवस घातलेत. नागपुरातच, एका संस्थेचा असाच फॉर्म आम्ही केला होता. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि कळमेश्वरहून गाडीवर आलेले एक काका काउंटरवर फोन पुढे करून म्हणाले, "भाऊ, तीनदा भरला. दर वेळी म्हणते सत्र संपलं, पुन्हा लॉगिन करा. काहून असं होऊन राहिलं?" आम्ही सेशनची वेळ वाढवली, कुकी तपासल्या, शेवटी त्यांच्या फोनलाही दोष देऊन झाला. कारण निघालं हेच: पोस्ट रिकामा झाला तेव्हा त्यासोबत फॉर्मचं सुरक्षा टोकनही (फॉर्म आमच्याच पानावरून आलाय हे पटवणारी गुप्त खूण) गेलं, आणि टोकन नाही म्हणून आमचाच कोड 'सत्र संपलं' म्हणत होता.

म्हणून स्क्रिप्टच्या अगदी वर, टोकन तपासायच्या आधी, एवढं बघा: विनंतीची पद्धत पोस्ट आहे, कंटेंट-लेंग्थ (ब्राउझरने सांगितलेला मजकुराचा आकार) शून्यापेक्षा जास्त आहे, तरी दोन्ही अ‍ॅरे रिकामे. असं दिसलं की सरळ मराठीत सांगा, 'फोटो फार मोठे आहेत'.

मर्यादा वाढवताना आयएनआय-सेट (स्क्रिप्टमधूनच सेटिंग बदलणारं फंक्शन) वापरू नका. तुमची स्क्रिप्ट चालू होईपर्यंत फॉर्म वाचून झालेला असतो, त्यामुळे उपयोग शून्य. शेअर्ड होस्टिंगवर बहुतेक ठिकाणी फोल्डरमधली 'डॉट यूजर डॉट आयएनआय' फाइल चालते. फाइलला १० एम, पोस्टला २५ एम पुरे. नुसतं 'एम'च लिहा बरं का. 'एमबी' लिहिलंत तर पीएचपी त्याचे दहा बाइट धरतं, आणि मग लॅपटॉपवरूनही काही जाणार नाही. पीएचपीच्या पुढे एनजिनएक्स हा वेब-सर्व्हर असेल तर त्याची स्वतःची मर्यादा मुळात १ एमबी असते, ती ओलांडली की ४१३ क्रमांकाचा एरर दिसतो.

खरं तर मी मर्यादा फार वाढवण्याच्या विरोधात आहे. दहा एमबी चढवताना खेड्यातलं नेटवर्क मधेच जातं. त्यापेक्षा ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टने फोटो कॅनव्हासवर (पानातल्या चित्रफलकावर) घेऊन लांब बाजू १६०० पिक्सेलची करा. काहीशे केबीत काम होतं, गुणही वाचता येतात. शिवाय फोटो कुठे काढला ती जीपीएसची नोंदही गळून पडते.

पण ब्राउझरमध्ये फोटो असा लहान करणं लोकांच्या सोयीपुरतं. फाइलचा प्रकार ब्राउझर सांगतो तो खरा धरू नका. सर्व्हरवर फाइनफोने (फाइलचा खरा प्रकार ओळखणारं पीएचपीतलं साधन) आतला मजकूर तपासा. फाइल पब्लिक फोल्डरच्या बाहेर ठेवा आणि नाव तुम्हीच बनवा, एक्स्टेंशनसकट. कुणी 'फोटो डॉट पीएचपी' चढवून तुमच्या सर्व्हरवर ती चालवायला नको. 'दहावी मार्कशीट नवीन (२)' हे मुलाने दिलेलं नाव डेटाबेसमध्ये राहू द्या, फक्त दाखवण्यापुरतं.

बदल लगेच लागू झाला नाही तर घाबरू नका. ती आयएनआय फाइल पीएचपी मुळात ३०० सेकंदांनी पुन्हा वाचतं, तेवढ्यात चहा होतो. मग पीएचपी-इन्फोच्या पानावर 'लोकल व्हॅल्यू'च्या रकान्यात नवा आकडा आला का बघा, आणि लॅपटॉप बाजूला ठेवून स्वतःच्या मोबाईलने दोन ताजे फोटो काढून फॉर्म भरा. वायफाय बंद करून.