‘कर्ब’ म्हणजे थांबवणे नव्हे

प्रश्न : इंग्रजी वृत्तपत्रांत महागाई, प्रदूषण, खर्च यांच्या संदर्भात ‘कर्ब’ हे क्रियापद वारंवार येते. त्याचा अर्थ ‘थांबवणे’ असाच घ्यावा का? आणि रस्त्याच्या कडेचा ‘कर्ब’ हा शब्द वेगळा आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण सुचवलेला अर्थ जवळचा असला, तरी नेमका नाही. लॅटिनमधील ‘वाकवणे’ या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला ‘कर्ब’ हा मुळात घोड्याच्या लगामाचा एक भाग, म्हणजे तोंडातील कडीला जोडलेली आणि खालच्या जबड्याखालून जाणारी साखळी किंवा पट्टा. स्वाराने लगाम खेचला की तिचा दाब जबड्यावर पडतो, घोडा मान वाकवतो आणि वेग आवरतो. परंतु स्वाराला पुढे जायचेच असते. रिझर्व्ह बँक महागाई ‘कर्ब’ करते असे वाचताना, २०१६ साली ठरलेले उद्दिष्ट शून्य नसून ४ टक्के आहे आणि २ ते ६ टक्क्यांचा पट्टा त्यात मान्य आहे, हे लक्षात घ्यावे. म्हणून ‘आळा घालणे’ किंवा ‘आवर घालणे’ हे मराठी प्रयोग येथे जुळतात. ‘बंदी घालणे’ मुळीच नाही, मग मथळ्यांत ते कितीही दिसो.

या क्रियापदाचे कर्म बहुधा प्रवृत्ती, प्रमाण किंवा अधिकार असते. राग, उधळपट्टी, मंत्र्याचे अधिकार ‘कर्ब’ करता येतात. अंगावर धावून जाणाऱ्या माणसाला धरून ठेवले, तर तेथे ‘रिस्ट्रेन’ हवे.

रस्त्याची कड हा त्याच मुळाचा शब्द आहे. ब्रिटिश लेखनात, आणि म्हणून आपल्याकडेही, कडेसाठी आद्याक्षर ‘के’ आणि दुसरे ‘ई’, तर क्रियापदासाठी ‘सी’ आणि ‘यू’ वापरतात. अमेरिकेत दोन्हींचे स्पेलिंग ‘सी’नेच होते. त्यामुळे न्यूयॉर्कमधील ‘कर्ब युअर डॉग’ ही पाटी परक्याला चकवते. कुत्र्याला आवरा, असे ती सांगते असे वाटते. मूळ सूचना मात्र त्याला शौचासाठी पदपथावरून उतरवून रस्त्याच्या कडेला न्यावे, अशी होती. (विष्ठा उचलण्याची सक्ती करणारा कायदा तेथे १९७८ साली आला.)

आपल्याकडची नेहमीची चूक मात्र वेगळीच आहे. ‘खर्चावर अंकुश’ या मराठी वळणामुळे क्रियापदानंतरही ‘ऑन’ लिहिले जाते. ते नामानंतरच शोभते. क्रियापदाला कर्म थेट जोडावे.