हाँगकाँगचे सगळे 'वॉंग' एकाच घराण्यातले असतात का? आणि मराठीत वॉंग लिहावं की वांग?

नाही. घराणं सोडाच, पुष्कळदा आडनावही एक नसतं. तुम्ही विचारलंय की हाँगकाँगचे लोकशाहीवादी कार्यकर्ते जोशुआ वॉंग, दिग्दर्शक वॉंग कार-वाय, ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्रमंत्री पेनी वॉंग आणि हाँगकाँगचं वॉंग ताय सिन स्टेशन यांचा एकमेकांशी संबंध काय. या चारांत दोन वेगळी आडनावं आहेत. ती रोमन लिपीत सारखी दिसतात, एवढंच.

कँटोनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगच्या चिनी बोलीत, दोन अक्षरांचा उच्चार तंतोतंत सारखा आहे, सूरसुद्धा तोच, खाली उतरणारा. एकाचा अर्थ राजा. त्यात तीन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक उभी रेघ असते. दुसऱ्याचा अर्थ पिवळा. त्यात मधोमध चौकोन, चौकोनात उभी-आडवी रेघ आणि खाली दोन पाय. नाव सांगताना कानाला काहीच फरक कळत नसल्यामुळे कँटोनीज माणूस लगेच पुढे जोडतो: 'साम वाक वॉंग', म्हणजे तीन रेघांचा वॉंग, किंवा 'ताय थोउ वॉंग', म्हणजे मोठ्या पोटाचा वॉंग. पोट म्हणजे तो मधला चौकोन. आपण फोनवर 'शहामृगातला श' सांगतो, तसंच हे.

अक्षर समोर नसेल तर मँडरिन, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेतला, उच्चार शोधा. तीन रेघांचा वॉंग मँडरिनमध्ये 'वांग' होतो, मोठ्या पोटाचा 'ह्वांग'. ही कसोटी लावली की गुंता झटकन सुटतो. वॉंग कार-वाय आणि गायिका फेय वॉंग तीन रेघांचे. फेय वॉंग मूळच्या बीजिंगच्या. तिथे त्या वांग फेय, हाँगकाँगला आल्यावर वॉंग. जोशुआ वॉंग, पेनी वॉंग, अभिनेत्री अ‍ॅना मे वॉंग, फोशानचे वैद्य आणि युद्धकलेचे गुरू वॉंग फेय-हुंग, सिंगापूरचे पंतप्रधान लॉरेन्स वॉंग हे सगळे मोठ्या पोटाचे. चिप कंपनी एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांगही त्यांचेच आडनावबंधू. त्यांचा जन्म तैवानचा, म्हणून स्पेलिंग मँडरिनचं. उलट सिंगापूरचे माजी राष्ट्राध्यक्ष ओंग तेंग चेओंग आणि वॉंग कार-वाय यांचं आडनाव एकच, कारण तीन रेघांच्या वॉंगला होक्कियन बोलीत 'ओंग' म्हणतात. व्हिएतनाममध्ये मोठ्या पोटाचा वॉंग उत्तरेत 'होआंग' होतो, दक्षिणेत 'हुइन्ह'.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कारण खरं तर त्यासाठीच मी लिहायला बसलो. मराठीत 'वांग' लिहू नका. मुद्रितशोधकांशी माझा हा जुना वाद आहे. "दोन्ही एकच, वाचकाला काय फरक पडतो?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फरक पडतो. डिसेंबर २०२२ मध्ये पेनी वॉंग बीजिंगला चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी यांना भेटल्या. वांग यी तीन रेघांचे, पेनी वॉंग मोठ्या पोटाच्या. मराठी बातमीत दोघांना 'वांग' केलं की वाचकाला वाटणार, दोघं एकाच आडनावाचे. ते साफ चूक आहे. पेनी वॉंगचं आडनाव मँडरिनमध्ये न्यायचंच असेल तर ते 'ह्वांग' होईल, 'वांग' कधीच नाही. म्हणजे 'वांग' लिहून तुम्ही नुसता उच्चार बदलत नाही, माणसाला दुसऱ्याचं आडनाव देता.

शिवाय हाँगकाँगमध्ये 'वांग' असं स्पेलिंग वेगळ्याच शब्दांसाठी वापरतात. वॉंग ताय सिन जिल्ह्यातच 'वांग ताउ हॉम' नावाची वस्ती आहे. तिथल्या 'वांग'चा अर्थ आडवा. अक्षर वेगळं, स्वर वेगळा. एकाच जिल्ह्यात वांग आणि वॉंग शेजारी असताना दोन्हींना एकच लेखन देणं हा निष्काळजीपणा आहे.

'वोंग'ही मला पटत नाही. तो स्वर 'ओ' नसून 'ऑ' आहे, 'डॉक्टर'मधला. शेवटचा ग सुटा ऐकू येत नाही. 'रंग' म्हणताना जीभ शेवटी ग सोडते, तसं इथे करायचं नाही. 'वाङ्मय' म्हणताना 'वाङ्'वर जिथे थांबतो, तिथेच थांबायचं.

जागांच्या नावांत आणखी एक फसगत होते: 'वॉंग' दिसला की लोक आडनाव समजतात. वॉंग ताय सिनमध्ये ते खरंच आडनाव आहे. 'ताय सिन' म्हणजे थोर सिद्धपुरुष, आणि हा 'ताय' म्हणजे वरच्या 'ताय थोउ'मधलाच 'मोठा'. दगडांच्या मेंढ्या करणारा चच्यांग प्रांतातला गुराखी, ही त्याची कथा. हाँगकाँगचं सध्याचं देऊळ १९२१ पासून त्या जागी आहे. भाविक गुडघे टेकून बांबूचं नळकांडं हलवतात, त्यातून एक काडी बाहेर पडते, तिच्या क्रमांकावरून भविष्य वाचतात. काड्या शंभर असतात.

पण वॉंग नाय चुंगमध्ये वॉंग नावाचं कोणी नाही. तो 'पिवळ्या चिखलाचा ओढा' आहे. ज्याला इंग्रज हॅपी व्हॅली म्हणाले, ते हेच खोरं. मुंबईहून तिकडे व्यापाराला गेलेल्या पारशांची दफनभूमी तिथेच आहे. वॉंग चुक हांग म्हणजे पिवळ्या बांबूची घळ. वॉंग शेक म्हणजे पिवळा दगड. शा तिन भागातल्या वॉंग उक गावात मात्र पुन्हा आडनाव येतं, आणि तेही तीन रेघांचं. 'उक' म्हणजे घर. क्वीन्स रोडच्या चिनी नावाची सुरुवातही 'वॉंग हाउ' अशीच होते. तिथे वॉंग म्हणजे सम्राट, 'वॉंग हाउ' म्हणजे सम्राटाची पत्नी. व्हिक्टोरिया तर स्वतः राज्य करणारी राणी होती, म्हणजे ते भाषांतरच चुकलेलं आहे, पण तेच टिकलं.

ग्वांगचौजवळचं व्हाम्पोआ बंदरही वॉंगच आहे. कँटोनीज 'वॉंग पोउ'चं गोऱ्या दर्यावर्दींनी व्हाम्पोआ केलं, मँडरिनमध्ये ह्वांगपू. मोठी जहाजं नदीतून वर शहरापर्यंत जाऊ शकत नसत, म्हणून मुंबईहून कापूस घेऊन आलेली जहाजं तिथेच नांगर टाकत. पुढे माल होड्यांतून जाई. तिथल्या बेटावरही पारशी थडगी आहेत.

सगळ्यात जास्त वाट लागते ती वॉंग किम आर्क यांच्या नावाची. सध्या अमेरिकेतल्या मराठी घरांत हे नाव वारंवार निघतं, म्हणून यावर जरा थांबतो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेला हा तरुण ऑगस्ट १८९५ मध्ये चीनहून परत आला, तेव्हा तो अमेरिकेचा नागरिक नाही असं सांगून त्याला उतरू दिलं नाही. काही महिने त्याला बंदरातल्या जहाजांवर अडकवून ठेवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ मार्च १८९८ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल त्याच्या बाजूने लागला: घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीनुसार अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो जन्माने नागरिक आहे. २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने तात्पुरत्या व्हिसावरच्या आईवडिलांच्या बाळांचं नागरिकत्व नाकारायचं ठरवलं, तेव्हा त्याविरुद्ध सगळे बोट दाखवू लागले ते याच निकालाकडे.

आणि मराठीत लोक काय लिहितात? 'श्री. आर्क'. अहो, आडनाव पुढे आहे! ते श्री. वॉंग. 'किम आर्क' हे दोन अक्षरी पाळण्यातलं नाव: किम म्हणजे सोनं, आर्क म्हणजे सद्गुण. यात कोरियन 'किम'चाही काही संबंध नाही. हाँगकाँगच्या उच्चाराने हे नाव 'वॉंग कम तक' होईल. मग 'तक'चं 'आर्क' कसं झालं? त्यांचं घराणं दक्षिण चीनमधल्या थॉयसानचं. तिथल्या बोलीत शब्दारंभीचा हा 'त' गळतो आणि 'अक' उरतो. 'र' ही निव्वळ इंग्रजी स्पेलिंगची भर आहे, स्वर लांबवण्यासाठी घातलेली. 'कार-वाय'मधला र तसाच, तिथे उच्चार 'का' आहे. म्हणजे 'आर्क' या एका तुकड्यावरून माणसाचा तालुका कळतो. तो श्री. आर्क म्हणून खोडून टाकायचा?

थॉयसान हा 'सी यप'पैकी एक, म्हणजे चार परगण्यांपैकी. मुंबईत माझगावला जे चिनी देऊळ आहे त्याचं नाव सी यप कून, ते याच चार परगण्यांवरून. म्हणून हे सगळं फार दूरचं आहे असं मला तरी वाटत नाही.

आडनावाचं भाषांतर हीसुद्धा मोठी चूक. अ‍ॅना मे वॉंग यांच्या चिनी नावाचा अर्थ 'हिमकणांनी माखलेला पिवळा विलो' असा सर्रास देतात. विलो आणि हिमकण बरोबर, पिवळा कुठून आला? ते आडनाव आहे. आपण 'काळे' आडनावाच्या बाईंची ओळख 'काळ्या रंगाच्या लता' अशी करून देऊ का?

दोन गोष्टी राहिल्या. स्पेलिंग 'वॉंग' असलं म्हणून माणूस कँटोनीज असतोच असं नाही: लॉरेन्स वॉंग यांचे वडील चीनच्या हायनान बेटाचे, पेनी वॉंग यांचे वडील मलेशियातले हाक्का, म्हणजे वेगळी बोली असलेल्या चिनी समाजातले. आणि तिसरा वॉंगही आहे, तीन रेघांच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब असलेला, वरच्या सपाट सुरातला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानच्या बाजूने गेलेले चिनी नेते वांग चिंगवेय त्या आडनावाचे. मँडरिनमध्ये तोही 'वांग'च होतो, त्यामुळे वरची मँडरिनची कसोटी तिथे अपुरी पडते. अशा वेळी अक्षरच पाहावं लागतं.

पुस्तकाच्या शेवटच्या नामसूचीत नोंद करताना: इंग्रजी नाव असेल तर आडनाव शेवटी येतं, म्हणून 'वॉंग, पेनी' असं उलटवा. चिनी नाव असेल तर आडनाव आधीच पहिलं असतं. स्वल्पविराम न देता 'वॉंग कार-वाय' जसंच्या तसं ठेवा. दोन्ही 'व'मध्येच येतील.