कारखान्यात हजारांनी निघणाऱ्या रोजच्या वस्तूंना कला म्हणता येतं का?

येतं. पण लोक ज्या कारणासाठी म्हणतात ते मला पटत नाही.

मी नाशिकच्या सातपूरला टूलरूममध्ये एकतीस वर्षं डाय फिटर होतो, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे (डाय) बनवणारा. आमचा मेहुणा चित्रकलेचा शिक्षक. एका भाऊबीजेला जेवता जेवता त्याने ताटातली स्टीलची वाटी उचलली आणि म्हणाला, "दाजी, ही नुसती वस्तू. हिच्यावर एखाद्या कलावंताने सही केली तर कला."

म्हणजे तेच, फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँसारखं. १९१७ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाला त्याने दुकानातून आणलेलं मुतारीचं भांडं पाठवलं, वर ‘आर. मट’ अशी खोटी सही. तिथल्या लोकांनी ते मांडलंच नाही, मूळ भांडं तर पुढे हरवलं. आज संग्रहालयांत दिसतात त्या नंतर केलेल्या प्रती. ठीक आहे, डोकं लढवलं त्याने. पण त्या भांड्याचा साचा कोणी केला, हे कोणी विचारलं?

ती वाटी माझ्या डायची होती, ट्रायलचा पीस. पत्र्याची सपाट गोल चकती प्रेसखाली ओढून वाटी करायची. डायच्या तोंडाचा रेडियस, म्हणजे कडेची गोलाई, बारीक ठेवला तर पत्रा तळाशी फाटतो, मोठा ठेवला तर कडेला चुण्या पडतात. वरून दाब कमी पडला तरी चुण्या, जास्त झाला की पुन्हा फाटतो. ड्रॉइंगवर आकडा असतो, पण शेवटचा हात ऑइलस्टोनचा, म्हणजे घासायच्या दगडाचा. तो रेडियस मी तीन दिवस घासत होतो, दर थोड्या वेळाने डोळे मिटून अंगठा फिरवायचा. चौथ्या दिवशी पहिली वाटी निघाली ती विना सुरकुतीची. साहेब म्हणाले, "चला, प्रॉडक्शनला लावा." झालं कौतुक.

न्यूयॉर्कच्याच आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९३४ साली बॉल बेअरिंग, स्प्रिंगा, स्वयंपाकाची भांडी मांडून प्रदर्शन भरवलं होतं. पुतण्याने मोबाइलवर फोटो दाखवले. तिथे कोणी सही करून वस्तूला मोठं केलं नव्हतं. मेहुण्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "छान".

आता सगळंच कला म्हणू नका. मी आयुष्यात जास्त करून ब्रॅकेटच्या डाय केल्या, आणि त्या ब्रॅकेटकडे मीही दुसऱ्यांदा बघणार नाही. काही डाय तर घाईत बर्र, म्हणजे कडेला राहिलेली धातूची बारीक धार, तशीच ठेवून पाठवल्यात, खोटं कशाला बोलू.

तुमच्याही घरी कोणी असं बोलणारं असेल तर वाद घालू नका. व्हाइसमध्ये लोखंडाचा ठोकळा बांधा, हातात कानस (फाइल) द्या आणि सांगा, दोन बाजू काटकोनात आण. काटकोन तपासायचा गुण्या लावल्यावर खालून उजेड दिसला नाही पाहिजे. आयटीआयच्या पोरांना पहिल्या वर्षी हेच करावं लागतं. आमच्या मेहुण्याला तीनदा बोलावलंय, दरवेळी त्याचे पेपर तपासायचे राहिलेले असतात.