बारावीनंतर शिक्षिका व्हायला मेलबर्न?

अगं, तुझा प्रश्न वाचला. बारावी आर्ट्सनंतर मेलबर्नला बॅचलर ऑफ एज्युकेशन करावं का, आणि बाबा म्हणतात शिक्षिकाच व्हायचं तर पार्ल्यात घरी राहून बी.ए., बी.एड. कर, त्यासाठी परदेश कशाला. बाबांचं वाक्य मला जरा लागलंच. मी परळची, आता मेलबर्नला शिक्षिका. आमच्या चाळीत डी.एड., बी.एड. म्हणजे मार्क कमी पडलेल्या मुलींची सोय. मी हौसेने बी.एड. केलं, तरी शेजारच्या काकू आईला धीर देत होत्या.

फी, व्हिसा, खात्यात किती पैसे दाखवायचे हे सरकारी संकेतस्थळांवर आहे, आणि एजंट तर झोपेतही सांगेल. ते सोडते.

बाबांचा हिशेब मात्र पुरा करू. मुंबईत बहुतेकींचं तीन वर्षं पदवी, मग सीईटी ही प्रवेश परीक्षा, मग बी.एड., जे २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक कोर्स नव्या धोरणात आलाय, पण तो अजून सगळीकडे नाही. मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, पवित्र पोर्टल ही राज्याची शिक्षकभरतीची वेबसाइट, आणि अनुदानित शाळेत लागलीसच तर तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पगार नाही, नुसतं मानधन. प्राथमिकला महिना ६ हजार मानधन होतं, ते २०२३ मध्ये १६ हजार केलं. १६ हजारांत मुंबईत काय होतं ते बाबांनाच विचार.

इथे कोर्स चार वर्षांचा, आणि त्यात किमान ८० दिवस खऱ्या शाळेत शिकवायचं. प्लेसमेंट म्हणतात त्याला. माहितीपत्रकात हसऱ्या मुलांचे फोटो असतात, पण कोण टिकणार ते या ८० दिवसांत कळतं. त्याचे पैसे मिळत नाहीत. २०२५ पासून सरकारने प्लेसमेंटसाठी भत्ता सुरू केला, पण तो इथल्या विद्यार्थ्यांना, तुला नाही. व्हिसावर पंधरवड्याला ४८ तास नोकरी करता येते हे खरं. पण दिवसभर वर्गात उभं राहून, रात्री पाठ टाचण लिहून हॉटेलात भांडी घासायला जाणार कधी? तेवढ्या आठवड्यांचं भाडं मुंबईहून निघतानाच बाजूला काढ. माझ्या वर्गात प्लेसमेंटला येणाऱ्या परदेशी मुली रडतात त्या बहुतेक या भाड्यापायी.

शिवाय लँटाइट नावाची भाषेची आणि आकडेमोडीची परीक्षा आहे, ती पास झाल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. देशातल्या प्रौढांच्या वरच्या ३० टक्क्यांत शिक्षक बसावा, ही तिची पातळी. गणिताला रामराम ठोकला असशील तर शेकडेवारी आणि आलेख आतापासून काढ. इथली प्राथमिकची बाई गणितही शिकवते आणि विज्ञानही.

तुझ्या बाजूची मोठी गोष्ट म्हणजे चारही वर्षं इथेच शिकलीस तर शिक्षक म्हणून नोंदणी करताना पुन्हा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागत नाही. भारतातून शिकून येणाऱ्यांना वाचन-लेखनात ७ आणि ऐकण्या-बोलण्यात ८ लागतात. बोलण्याचे साडेसात हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात महाग मार्क. त्याहून छळलं कागदांनी. स्थलांतराच्या व्हिसासाठी शिक्षकाची पात्रता तपासतात, त्या स्किल असेसमेंटला देखरेखीखाली किमान ४५ दिवस शिकवल्याचा पुरावा मागतात. आमचं बी.एड. जुनं, एक वर्षाचं. त्यात दिवस कोणी मोजलेच नव्हते, पाठ मोजले होते: सूक्ष्म अध्यापनाचे इतके, सराव पाठ इतके, मागच्या बाकावर बसून निरीक्षणं इतकी. कॉलेजच्या ऑफिसातले क्लार्क म्हणाले, "मॅडम, पाठ लिहून देतो. दिवस रेकॉर्डला नाहीत." भावाने हेलपाटे घालून घालून पत्र मिळवलं, तर त्यात कोणत्या इयत्तांना शिकवलं तेच लिहायचं राहिलेलं. शेवटी वैतागून मी इथे नव्याने मास्टर्सला बसले, निम्म्या वयाच्या मुलांच्या शेजारी.

त्या वर्गात एकदा द्वैभाषिक मुलांचा विषय निघाला. कॅनडाच्या जिम कमिन्स यांचं म्हणणं शिकवलं: घरच्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेतही कामी येते, म्हणून घरची भाषा सोडू नये. मी वही मिटून बसले. माझा मुलगा मराठी माध्यमातली पाचवी करून इथे आला, तेव्हा त्याच्या शाळेने मला सांगितलं होतं, घरी इंग्रजी बोला म्हणजे तो लवकर रुळेल. अपूर्णांक त्याला वर्गात सगळ्यांआधी येत होते, पण शाब्दिक उदाहरणाचं इंग्रजी कळायचं नाही, म्हणून त्याला मागच्या गटात टाकलं. मी घरी मराठीच बोलत राहिले. पण शाळेचं त्याने ऐकलं. आता मी मराठीत विचारते आणि तो इंग्रजीत उत्तर देतो, प्रेमाने देतो, तरी इंग्रजीतच. शाळेला हे आठवतही नसेल.

तुझ्या पुस्तकांत हे सगळं व्यवस्थित लिहिलेलं असेल. मग प्लेसमेंटला तुझीच मेंटॉर, म्हणजे जिच्या हाताखाली शिकवशील ती बाई, एखाद्या आईला "घरी इंग्रजी बोला" सांगताना दिसेल, आणि तुझा अहवाल तिच्याच हातात असेल. तिथे तोंड उघडावं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

एकटेपणाचं विचारलंस. वाटतो. पहिल्या जून-जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, पाचच्या सुमाराला अंधार पडतो तेव्हा जास्त. मग सवय होते.

तुझी मैत्रीण इंग्लंडचं बघतेय ना, तिला सांग, नुसत्या एज्युकेशन स्टडीजच्या बी.ए.ने तिथे शिक्षकाचा दर्जा, ज्याला क्यूटीएस म्हणतात, मिळत नाही, तो जोडलेला कोर्स आहे का ते बघावं लागतं. कॅनडात बी.एड. बहुधा दुसऱ्या पदवीनंतर किंवा तिच्या जोडीने.

परत मुंबईला आलीस तर आयबी आणि केंब्रिज या आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या शाळांत या पदवीला किंमत आहे. अनुदानित शाळेत जायचं तर एनसीटीई या केंद्राच्या शिक्षक-शिक्षण परिषदेची मान्यता आणि टीईटी हा रस्ता वेगळा, ते बाबांना आधीच सांग, नाहीतर चार वर्षांनी घरात वाद.

शिक्षकांची नावं कुशल व्यवसायांच्या यादीत आहेत, म्हणून एजंट पीआरचं, म्हणजे कायम वास्तव्याचं, गाजर दाखवून हा कोर्स विकतात. याद्या बदलतात. नुसत्या त्यासाठी येणार असशील तर येऊ नकोस, पोरांना दुसऱ्या दिवशी कळतं की बाईंचं लक्ष नाही. परीक्षा झाल्यावर पार्ल्यातल्या एखाद्या बालवाडीत महिनाभर मदतीला जा. डबे उघडून देणं, नाकं पुसणं, सगळं कर. कंटाळा आला तर लाखो रुपये वाचले.

आणि एक काम आजच करून टाक. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात जातं, आधारवर वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं. तिन्ही समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघ. फरक निघाला तर प्रतिज्ञापत्र तिथे असतानाच करून घे. तुला भाऊ नाही, हेलपाटे बाबांना पडतील.