कापडी ग्रो बॅगेतली भाजी: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी कापडी ग्रो बॅगांबद्दल होती. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (पुणे): बाजारात हिरव्या, ताडपत्रीसारख्या ग्रो बॅगा मिळतात आणि राखाडी-काळ्या, जाड कापडाच्याही. हिरव्या स्वस्त पडतात. दोन्हींत खरा फरक काय? आणि कोणत्या भाजीला कोणतं माप घ्यावं?

उत्तर: हिरवी बॅग एचडीपीई या जातीच्या प्लास्टिकच्या विणलेल्या पट्ट्यांची असते, तिला वरून लॅमिनेशन आणि तळाशी भोकं असतात. तिच्या भिंतीतून हवा जात नाही, म्हणजे ती घडी होणारी कुंडीच. राखाडी बॅग जिओ फॅब्रिकची. हे कापड विणलेलं नसतं, कृत्रिम धागे दाबून बनवलेलं असतं. मूळ वाढत वाढत या कापडापर्यंत आलं की त्याचं टोक हवेने सुकतं आणि मागून बारीक मुळ्या फुटतात. कुंडीत तेच मूळ भिंतीला धरून गोल गोल फिरत बसतं. जिओ फॅब्रिकला दोन पैसे जास्त द्यायचे ते यासाठी.

पण ज्या भिंतीतून हवा आत येते, तिच्यातूनच पाणी बाहेर उडतं. खालच्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ इथेच आहे. आठवड्यातून तीन दिवस घराला कुलूप असेल आणि ठिबकची सोय नसेल, तर बिनदिक्कत हिरवी घ्या.

कापड 250 जीएसएमपेक्षा (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) पातळ नको. पट्टे नुसते काठाला टाचलेले नकोत, निम्म्या उंचीपर्यंत तरी खाली शिवलेले हवेत. मापात बहुधा आधी व्यास आणि मग उंची लिहितात, पण काही विक्रेते उलटं लिहितात, तेव्हा विचारून घ्या. 12×12 इंची बॅगेत काठोकाठ भरली तर 22 लिटर माती मावते, 15×15 मध्ये 43 लिटर. माप फक्त तीन इंचांनी वाढतं, माती मात्र जवळपास दुप्पट लागते, हे पोती आणायच्या आधी लक्षात घ्या. मिरची आणि भेंडी 12 इंचीत येतात, एका बॅगेत एकच झाड. टोमॅटो आणि वांगं 15 इंचीत लावा. दुधी, दोडका, कारलं यांना 18×18 हवी. मेथी, पालक, कोथिंबीर, लाल माठ यांना खोली नको, पसारा हवा. त्यांना 24 इंच व्यासाची आणि 9 इंच उंचीची बॅग घ्या.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): गावाकडची काळी माती आणि शेणखत निम्मंनिम्मं भरलं. आता माती आकसून बॅगेच्या कापडापासून सुटली आहे. घातलेलं पाणी लगेच खालून वाहून जातं, तरी झाड दुपारी मान टाकतं. तळाला खडे कमी पडले का?

उत्तर: खड्यांचा दोष नाही. उलट कापडी बॅगेत खडे, विटांचे तुकडे काहीच घालू नये. सगळा तळ पाणी सोडतोच, खड्यांनी फक्त मुळांची जागा जाते आणि वजन वाढतं.

दोष मातीचा आहे. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. शेतात तिला भेगा पडतात, बॅगेत ती भिंतीपासून सुटते. तुमचं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. मधला गोळा कोरडाच राहतो.

आधी झाड वाचवा. टबात चार-पाच इंच पाणी घेऊन बॅग त्यात उभी ठेवा. वरची माती ओलसर दिसू लागली की, बहुधा अर्ध्या-पाऊण तासात, बाहेर काढा. मग फटीत बोटाने ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखताचं मिश्रण दाबून भरा. हंगाम निघेल.

पुढच्या खेपेला 4 भाग माती, 3 भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि 3 भाग कोकोपीट असं प्रमाण घ्या. माती लाल किंवा पोयट्याची असावी. काळीच मिळत असेल तर 2 भाग घ्या आणि उरलेल्या 2 भागांत चाळलेली जाड वाळू घाला. मोजायला रंगाचा 20 लिटरचा रिकामा डबा सोयीचा. 12 इंची बॅग वरून दोन इंच मोकळी सोडून भरली तर जवळजवळ असा एक डबा मिश्रण लागतं. त्यात 100 ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. कोकोपीटची वीट भिजवून एकदा पिळून ते पाणी फेकून द्या, त्यात क्षार असतात. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं: हातात भुरभुरतं आणि वास मातीचा येतो. कच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या मुळंच खातात.

भरण्याची रीतही महत्त्वाची. मिश्रण आधी ओलसर करा, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतकं. तीन थरांत भरा आणि दर थराला काठाकाठाने दाबा. मधोमध दाबायची गरज नाही. शेवटी वरचा भाग ताटलीसारखा करा, कडा उंच आणि मध्य खोल, म्हणजे पाणी भिंतीकडे पळत नाही. वर दोन इंच वाळका पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा.

प्रश्न (नागपूर): टोमॅटो छान लागले, पण फळाच्या बुडाला काळा, चपटा, चामड्यासारखा डाग पडतो. अंड्याची टरफलं घालतो, काही फरक नाही.

उत्तर: हा रोग नाही, त्यामुळे फवारणीने जाणार नाही. वाढत्या फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की तिथल्या पेशी मरतात. मातीत बहुधा कॅल्शियम असतंच. ते पाण्याबरोबर चढतं, आणि पाणी एक दिवस भरपूर, एक दिवस नाही असं मिळालं की त्याचा पुरवठा तुटतो. कापडी बॅग कुंडीपेक्षा लवकर सुकते, म्हणून हा डाग तिच्यात जास्त दिसतो. टरफलं विरघळायला महिनोन्‌महिने जातात, या हंगामाला त्यांचा उपयोग नाही.

दोन इंच खोल बोट घालून पाहा. तिथे कोरडं लागलं की पाणी द्यायचं. थंडीत 15 इंची बॅगेतल्या फळावरच्या झाडाला दिवसाआड दोन-अडीच लिटर पुरतात. मार्चनंतर तुमच्याकडच्या उन्हात रोज तीन-चार लिटर लागतील, सकाळी आणि संध्याकाळी विभागून. पाणी हळू द्या, तळातून थेंब दिसले की थांबा. पाच-सहापेक्षा जास्त बॅगा असतील तर ठिबक लावाच: 16 मिमीची नळी, बॅगेला ताशी 2 लिटरचे दोन ड्रिपर, बुंध्यापासून चार बोटं दूर आणि समोरासमोर. एकच ड्रिपर लावला तर अर्धी बॅग कोरडी राहते. युरिया थांबवा. नुसती पानंच जोमाने वाढली तर कॅल्शियम तिकडेच जातं. डागाळलेली फळं काढून टाका, ती सुधारत नाहीत. नवीन फळं ठीक येतील.

एप्रिल-मेमध्ये फुलं गळाली तर मात्र खतात कारण शोधू नका. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या वर गेलं की टोमॅटोचं फळ धरणं अवघडच. 50 टक्के सावलीची जाळी लावून झाड जगवता येईल, पीक मिळेलच असं नाही.

प्रश्न (मडगाव): पावसात बॅगांवर हिरवं शेवाळ आलं आहे आणि झाडांची खालची पानं पिवळी पडत आहेत. मुळं कुजली असतील का?

उत्तर: कुजली असती तर ओल्या मातीतही झाड मलूल दिसलं असतं आणि बुंध्याशी घाण वास आला असता. खालची जुनी पानं आधी पिवळी पडणं हे नत्र कमी पडल्याचं लक्षण. तुमच्याकडचा पाऊस बॅगेतून आरपार जातो आणि विरघळलेलं खत घेऊन जातो. पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत आणि अर्धी मूठ निंबोळी पेंड वरून द्या. उघडीप मिळाली तर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) हे विद्राव्य खत लिटरला 3 ग्रॅम घेऊन पानांवर फवारा.

शेवाळ झाडाला बाधत नाही. पण भिंत सतत ओली आहे आणि हवा खेळत नाही, हे ते सांगतं. बॅगा एकमेकींना चिकटलेल्या असतील तर वीतभर अंतर ठेवा, खाली विटा द्या आणि कोरड्या खराट्याने घासा. ब्लीच वगैरे नको. आणि जूनमध्ये टोमॅटोचा हट्ट सोडा. तुमच्याकडचा सात शिरांचा भेंडा पावसाळ्याचंच पीक आहे, तो लावा.

प्रश्न (सांगली): गच्चीवर चाळीस बॅगा ठेवायच्या आहेत. स्लॅबला धोका?

उत्तर: वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक आयएस 875, भाग 2 मध्ये चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 150 किलो भार धरलेला असतो. भिजलेली 12 इंची बॅग 20 किलोच्या आसपास भरते. खेटून ठेवल्या तर एका चौरस मीटरमध्ये दहा मावतात, म्हणजे 200 किलो. तेव्हा मधोमध गर्दी नको. खालच्या भिंती आणि तुळया जिथे आहेत, त्या रेषेवर एकेरी ओळीत मांडा. जुन्या इमारतीत किंवा गळक्या गच्चीवर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

प्रश्न (डोंबिवली): मिरचीची पानं वळून बारीक झाली. शेजारच्या काकू हळदीचं पाणी घाला म्हणतात.

उत्तर: काकूंना दुखवू नका, पण आधी पान नीट बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून देठ लांबला असेल तर कोळी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी बारीक कीड. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका: पिवळसर, लांबट, पळणारे ठिपके म्हणजे फुलकिडे. त्यांना निळे चिकट सापळे आणि 5 टक्के निंबोळी अर्क: 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आठवड्याने पुन्हा. कोळ्यांना पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम, पण कडक उन्हात नको आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे नको. शेंडाच खुजा होऊन पानांवर पिवळी नक्षी दिसली तर तो विषाणू. त्यावर औषध नाही, झाड उपटून टाका.

प्रश्न (सोलापूर): बॅगेच्या बाहेर पांढरा थर येतो. तीच माती पुन्हा वापरावी का?

उत्तर: थर बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांचा. पाणी कापडातून उडतं, क्षार मागे राहतात. कोरडा असताना ब्रशने झाडा, पण ती पावडर बॅगेत पडू देऊ नका. पावसाचं पाणी मिळेल तेव्हा बॅगेतून भरपूर वाहू द्या. माती वापरा, मात्र टोमॅटो, मिरची, वांगं, बटाटा एकामागून एक त्याच मातीत नको. मधे मेथी किंवा चवळी घ्या. मे महिन्यात माती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार-सहा आठवडे उन्हात तापवा, मग तिसरा हिस्सा नवं गांडूळखत मिसळा. रिकामी बॅग उलटी करून सुकवा. आतल्या मुळ्या सुकल्या की हाताने सोलून निघतात. ओल्या असताना ओढल्या तर कापडाचे धागेही निघतात.