व्हाइट हॉर्स फायनल: एकट्या घोड्यानं खरंच दोन लाख लोक मागं सारले होते का?

भाऊ, तुम्ही विचारलं की १९२३ च्या एफए कप (इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची, म्हणजे एफएची, स्पर्धा) फायनलचा तो फोटो, पांढऱ्या घोड्यावरचा पोलीस मैदानातली गर्दी हटवते तो, खरा आहे का, अन एका घोड्यानं एवढी गर्दी हटवली तरी कशी. फोटो खराच आहे. पण सगळं श्रेय घोड्याले द्यायचं मले पटत नाही, मी स्वतः गर्दीपुढं दोर धरून उभा राहिलेला माणूस आहे म्हणून सांगतो.

२८ एप्रिल १९२३, लंडनचं वेम्बली. स्टेडियम नवंकोरं, काम संपून जेमतेम चार दिवस झालेले अन तिथली ही पहिलीच मॅच, बोल्टन वाँडरर्स विरुद्ध वेस्ट हॅम युनायटेड. सव्वा लाख माणसाची जागा, एवढं मोठं मैदान काही भरत नाही असं आयोजकाइले वाटलं, मग बहुतेक जागांले आधी तिकीट काढायची गरजच ठेवली नाही, या, गेटवर पैसे द्या अन आत जा. त्यात वेस्ट हॅम लंडनचीच टीम अन दिवस चांगला उघडलेला, लोक लोटले तं लोटतच गेले. पावणेदोनले गेट बंद केले तरी भिंतीवरून चढून येतच होते. अधिकृत आकडा १,२६,०४७ आहे, पण खरे लोक दोन लाखाच्या वर असावेत असं म्हणतात. मागच्यानं रेटा दिला की पुढचा जाईन कुठं, तो मैदानातच उतरते. तीन वाजता मॅच अन मैदानात पाय ठेवायले जागा नाही.

मग घोडेस्वार पोलीस आले, त्यात जॉर्ज स्कोरी अन त्याचा घोडा बिली (बिली तसा करडा होता, त्या काळच्या फिल्ममध्ये पांढरा दिसला म्हणून या फायनलले 'व्हाइट हॉर्स फायनल' नाव पडलं). बाकी घोडेही होते, पण डोळ्यात भरला तो हाच. स्कोरीनं नंतर सांगितलं ते नीट ऐका: घोडा नाकानं अन शेपटीनं लोकाइले हळूहळू मागं सारत होता, अन स्कोरी स्वतः लोकाइले सांगत होता की एकमेकाचे हात धरा अन मागं रेटा. पाऊल पाऊल करत लोक रेषेपर्यंत गेले अन तिथं खाली बसले.

हे खाली बसणं मले लगेच समजलं. बंदी उठल्यावर आमच्या गावचा शंकरपट (बैलजोड्याइची शर्यत) पुन्हा भरला तेव्हा असंच झालं होतं. जोडी सुटायची वेळ झाली की जो तो मान पुढं काढते, त्याच्या मागचा अजून पुढं येते, माइकवाल्याचा घसा बसला, आम्ही पोरं नायलॉनचा दोर धरून होतो तं तळहाताले लाल चट्टे पडले अन चुन्याची रेघ तं पायाखाली कधीचीच पुसून गेली होती. शेवटी एक म्हातारा धुरकरी (बैलजोडी हाकणारा) पट्टीवर आला अन पुढच्या माणसाइपुढं हात जोडून म्हणे, "बसा बापू, मागच्यालेही दिसू द्या." पुढच्या दोन रांगा बसल्या, मागच्याइले दिसू लागलं अन रेटा थांबला. लाठी दाखवून हे झालं नसतं, असं मी छातीठोकपणे सांगतो.

वेम्बलीत जखमी शेकड्यानं झाले, तरी मॅच ४५ मिनिटं उशिरा का होईना सुरू झाली. दुसऱ्याच मिनिटाले डेव्हिड जॅकनं बोल्टनचा गोल मारला, अन त्या वेळी वेस्ट हॅमचा जॅक ट्रेसाडर्न थ्रो-इन टाकून (रेषेबाहेर गेलेला बॉल हातानं आत फेकून) गर्दीतच अडकलेला, त्याले मैदानात परत येता येईना! मध्ये लोक पुन्हा आत आले, मॅच पुन्हा थांबली. हाफटाइमले ड्रेसिंग रूमपर्यंत वाटच नव्हती, दोन्ही टीम मैदानावरच थांबल्या. ५३ व्या मिनिटाले जॅक स्मिथचा दुसरा गोल, त्यावर वेस्ट हॅमवाले म्हणत बॉल गोलच्या खांबाले लागून परत आला, रेफरी म्हणे आत गेला अन जाळीमागं उभ्या लोकाइले लागून बाहेर आला. बोल्टन २-०, त्याइचा पहिलाच कप. वेस्ट हॅमच्या ट्रेनरनं तं घोड्याच्या टापांनी मैदान उखडलं म्हणून घोड्यालेच दोष दिला.

पुढच्या वर्षीपासून फायनलचं तिकीट आधीच काढावं लागू लागलं. एफएनं स्कोरीलेही नंतरच्या फायनलची फुकट तिकिटं देऊ केली होती, पण तो काही गेला नाही, त्याले फुटबॉलची आवडच नव्हती.